लेक मीड: दुष्काळावर खापर फोडणं सोयीचं आहे

कोरडवाहू
लेक मीड म्हणजे अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणामागचा जलाशय. त्याची बातमी आली की सोबत खडकांवरचा तो पांढरा पट्टा आलाच. पाणी ओसरलं की क्षार मागे राहतात आणि पूर्वीची पातळी आयती दिसते. जुलै २०२२ मध्ये पाणी १०४० फुटांपर्यंत उतरलं होतं. पूर्ण भरलेला जलाशय म्हणजे १२२९ फूट. बातमीत कारण एकच असतं: दुष्काळ.

माझं म्हणणं असं की हा जलाशय आधी कागदावर रिकामा झाला, दुष्काळ नंतर आला. १९२२ च्या करारात कोलोरॅडो नदीचं पाणी वाटलं गेलं: वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं पाणी), खालच्या खोऱ्याला, म्हणजे कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि नेवाडाला, ७५ लाख. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख. झाले १ कोटी ६५ लाख. हे आकडे ठरले तेव्हाची वर्षं नदीच्या भरभराटीची होती. २००० पासून नदीची सरासरी सव्वा कोटीच्या आसपास आहे. नसलेलं पाणी वाटल्यावर पावसाला शिव्या कशाला?

हिमरेषा
असहमत. तुमची बेरीज टाळ्या घेणारी आहे, पण वरच्या खोऱ्याने त्यांचे ७५ लाख कधीच पूर्ण उचललेले नाहीत. कागदावरचा हक्क म्हणजे वापर नव्हे.

आता वस्तुस्थिती. २०१७ च्या एका अभ्यासात २००० ते २०१४ मधला प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा १९ टक्के कमी निघाला आणि त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा निव्वळ तापमानवाढीचा. झाडांच्या वर्तुळांवरून काढलेला निष्कर्ष असा की २००० ते २०२१ हा किमान १२०० वर्षांतला सर्वांत कोरडा काळ. २०२१ चंच बघा. नदी जिथून येते त्या रॉकी पर्वतात बर्फ सरासरीच्या थोडाच खाली होता, पण मीडच्या वरच्या अंगाला असलेल्या लेक पॉवेल जलाशयात पोचलं ते सरासरीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकं. बाकीचं तहानलेल्या जमिनीने आणि उन्हाने वाटेतच संपवलं. करार बदलून माती ओली होत नाही.

कोरडवाहू
@हिमरेषा वरच्या खोऱ्याचा मुद्दा मान्य, म्हणून फक्त मीडचाच जमाखर्च मांडतो. अनेक वर्षं पॉवेलमधून ठरल्याप्रमाणे ८२.३ लाख एकर-फूट सोडलं जायचं. मीडमधून खाली द्यायचे ७५ अधिक मेक्सिकोचे १५, म्हणजे ९० लाख. शिवाय वाळवंटातलं बाष्पीभवन, तेही कुणाच्या खाती न टाकलेलं. मधल्या छोट्या नद्यांची भर धरली तरी दर वर्षी सुमारे १२ लाखांची तूट. लक्षात घ्या, वरून ठरलेलं पाणी पूर्ण आलं तरीही तूट. १९८३ मध्ये हूवर धरणाच्या सांडव्यांवरून पाणी वाहिलं, २००० च्या सुमारास जलाशय जवळपास भरलेला होता, म्हणून हिशेब कुणी तपासला नाही.

फुकट_सल्ला
एवढं गणित कशाला? वाळवंटात कारंजी नाचवायची, गोल्फची हिरवळ पोसायची आणि मग रडायचं. लास वेगास बंद करा, प्रश्न मिटला.

नेवाडाकर
@फुकट_सल्ला हा प्रतिसाद येणार हे माहीतच होतं :) लास वेगास ज्या राज्यात आहे त्या अख्ख्या नेवाडाचा वाटा ३ लाख एकर-फूट, वाटून दिलेल्या पाण्याच्या दोन टक्क्यांहून कमी. घरातल्या नळाचं, मोरीचं, संडासाचं जवळपास सगळं पाणी शुद्ध होऊन परत मीडमध्ये जातं आणि तेवढं पुन्हा उचलता येतं. खरं वाया जातं ते बागेत. म्हणून इथे हिरवळ उपटायला पैसे मिळतात, आणि २०२१ च्या कायद्याने नुसती शोभेची हिरवळ २०२६ अखेर काढायची आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळची पट्टी गेली, खडी आणि ठिबकची नळी आली. दिसायला भकास आहे, सवय होते.

हिमरेषा
@नेवाडाकर कौतुक आहेच. पण जलाशयाच्या तळाजवळून पाणी घेणारा तिसरा बोगदा २०१५ मध्ये आणि खोल पाण्याचं पंपिंग स्टेशन २०२० मध्ये कुणी बांधलं? एप्रिल २०२२ मध्ये वेगासला पाणी नेणाऱ्या सर्वांत जुन्या बोगद्याचं तोंड उघडं पडलं आणि ते पंप सुरू झाले. पातळी ८९५ फुटांखाली गेली तर हूवर धरणातून खाली थेंब जाणार नाही, वेगासला मात्र मिळत राहील. शहाणपण म्हणा हवं तर.

पाटपाणी
अजून खऱ्या गिऱ्हाइकाचं नाव कुणी घेतलं नाही. कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल व्हॅलीचा हक्क ३१ लाख एकर-फूट, नेवाडाच्या दसपट. त्यातलं बरंच अल्फाल्फाला, म्हणजे लसूण घासाला.

आता लगेच 'घास बंद करा' म्हणू नका. हे हक्क शंभर वर्षांहून जुने आहेत आणि हिवाळ्यात देशभर जाणारी पालेभाजी याच पट्ट्यातून निघते. घास बहुवार्षिक आहे, भर उन्हाळ्यात काही आठवडे पाणी तोडलं तरी मूळ जगतं. २०२४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी पैसे घेऊन नेमकं हेच केलं. पण शेतातून वाहून जाणारं पाणी सॉल्टन समुद्राला, म्हणजे तिथल्या खाऱ्या तळ्याला जातं. ते घटलं की तळ उघडा पडतो आणि ती धूळ शेजारच्या गावांतल्या मुलांच्या छातीत जाते. शहराच्या नळाशी बसून हे दिसत नाही.

फुकट_सल्ला
म्हणजे घासाला हात लावायचा नाही, कारंज्यांनाही नाही. मग कापायचं कुणाचं?

पाटपाणी
कापलंय की. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाचं ५ लाख १२ हजार एकर-फूट गेलं, वाट्याचा १८ टक्के. नेवाडाचं २१ हजार, मेक्सिकोचं ८० हजार. कॅलिफोर्नियाचं शून्य! कारण १९६८ च्या कायद्यात ॲरिझोनाचा कालवा मंजूर करून घेताना कॅलिफोर्नियाने स्वतःच्या वाट्याचे ४४ लाख आधी राखून घेतले. ॲरिझोनातल्या पिनल काउंटीतल्या शेतकऱ्यांनी त्यासाठी जमिनी पड टाकल्या. तिथे पाऊस वेगळा पडतो असं नाही, रांगेत ते मागे आहेत.

कोरडवाहू
हेच म्हणतोय मी! एकाच नदीवर, एकाच दुष्काळात एकाला शून्य कपात आणि दुसऱ्याला १८ टक्के. हे आभाळाने ठरवलं का?

हिमरेषा
कपात कुणाची, हे कागदाने ठरवलं, कबूल. कपात किती लागेल हे आभाळच ठरवणार. २०२३ मध्ये धो धो बर्फ पडला तरी मीड अर्धाही भरला नाही, आणि सगळे वर्षभर निर्धास्त झाले. टंचाईत कपात कशी करायची हे ठरवणारे २००७ चे नियम २०२६ अखेर संपतात. नव्या नियमांत वाटे एकर-फुटांत लिहिले तर तुमचा १९२२ चाच घोळ पुन्हा. त्या त्या वर्षी नदीत येईल त्याच्या टक्क्यांत लिहा, मग मी तुमच्या बाजूने.

पाटपाणी
टक्क्यांत लिहायचं तर इम्पिरियलने सही का करावी, ते आधी सांगा.