मूलतत्त्ववादी, सनातनी, कट्टर : नेमका शब्द कोणता?

प्रश्न (नाशिक रोड) :
धर्म आणि माध्यमे या विषयावर अभ्यासगटासाठी टिपण लिहीत आहे. ‘फंडामेंटलिस्ट’साठी वृत्तपत्रांत मूलतत्त्ववादी, कट्टरपंथी, धर्मांध आणि सनातनी हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. ते समानार्थी मानावेत का? शिवाय ‘पब्लिक स्फिअर’ला ‘सार्वजनिक क्षेत्र’ म्हटलेले चालेल का?

उत्तर (पंचवटी) :
समानार्थी मुळीच मानू नयेत. ‘फंडामेंटलिस्ट’ ही आरंभी शिवी नव्हती, अभिमानाने मिरवलेली ओळख होती. अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात ख्रिस्ती श्रद्धेची मूलतत्त्वे मांडणारे बारा खंड ‘द फंडामेंटल्स’ या नावाने छापून पाद्री आणि धर्मप्रचारकांना फुकट वाटण्यात आले, आणि या मूलतत्त्वांसाठी झुंजायला तयार असलेल्यांना १९२० मध्ये बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका नियतकालिकाचे संपादक कर्टिस ली लॉज यांनी हे नाव दिले. पुढे १९२५ मध्ये, शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल टेनेसी राज्यात चाललेला स्कोप्स खटला रेडिओवरून थेट ऐकवला गेला आणि पत्रकारांच्या लेखणीतून या शब्दाला हेटाळणीचा वास लागला. आधुनिकतेला विरोध करणारी ही चळवळ छापखान्यासारख्या आधुनिक साधनांवरच वाढली, हे तिचे लक्षण माझ्या मते व्याख्येतच यायला हवे.

‘सनातनी’ची जातकुळी वेगळी आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा प्रवेश नाकारणाऱ्यांना सनातनी म्हटले गेले. त्यांचा भर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रूढी टिकवण्यावर होता. मूलतत्त्ववादी मात्र ग्रंथातील निवडक वचने उचलून, प्रसंगी रूढीलाही झुगारून, समाज नव्याने घडवू पाहतो. धर्मांधता ही मनाची अवस्था आहे आणि तिला ग्रंथ वाचलेला असण्याचीही गरज नसते. ‘कट्टर’ तर आपल्याकडे ‘कट्टर कार्यकर्ता’ असे कौतुकानेही म्हणतात.

उत्तर (गंगापूर रोड) :
आपला भेद पटला, परंतु अडचण व्याख्येपेक्षा वापरात अधिक आहे. आपल्या बातम्यांत ‘मूलतत्त्ववादी’ हे विशेषण प्रायः परधर्मीयांसाठी राखून ठेवलेले असते, आणि तेच वर्तन स्वधर्मीयांनी केले की ‘भावना दुखावलेले नागरिक’ असा सौम्य शब्दप्रयोग येतो. टिपणात निकष एकच ठेवावा.

‘सार्वजनिक क्षेत्र’ टाळावे, कारण वाचकाला सरकारी बँका आठवतील. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या ‘पब्लिक स्फिअर’च्या कल्पनेत सत्तेपासून स्वतंत्र राहून, समोरच्याची जात वा हुद्दा न पाहता, युक्तिवादाने वाद घालणारे लोक अभिप्रेत आहेत (प्रत्यक्षात त्या चर्चेबाहेर किती जण राहिले, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेलाच). गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेत न पटणारा वक्ताही शेवटपर्यंत ऐकून घेणारा श्रोता त्या कल्पनेच्या जवळ जातो. वाहिनीवर एकाच वेळी ओरडणारे सहा चेहरे जात नाहीत. ‘चव्हाटा’ हा शब्द मोहात पाडतो, पण ‘चव्हाट्यावर आणणे’ म्हणजे अब्रू काढणे, म्हणून तोही नको.

प्रश्नकर्ता :
मग ‘सार्वजनिक चर्चाविश्व’ म्हणावे का?

उत्तर (पंचवटी) :
‘चर्चाविश्व’ हा शब्द अभ्यासकांनी ‘डिस्कोर्स’साठी आधीच घेतला आहे. ‘लोकावकाश’ वापरावा आणि पहिल्या उल्लेखाबरोबर एका वाक्यात अर्थ द्यावा.