आईचे दोन बायोप्सी रिपोर्ट एकदम उलटे आलेत, खरा कोणता धरायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही पारोळ्याच्या बाजूचे. आई ६१ वर्षांची. २०२१ मध्ये उजव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या, आणि रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी), हर-टू (पेशीवरचं एक प्रोटीन) निगेटिव्ह होतं म्हणून तेव्हापासून रोज हार्मोन कमी करणाऱ्या लेट्रोझोलची एक गोळी. एक दिवस चुकवली नाही तिने, आधी गोळी मग शेत असा नेमच होता. आता दोन महिन्यांपूर्वी बरगडीखाली दुखायला लागलं, सोनोग्राफी केली, मग पेट स्कॅन, लिव्हरमध्ये तीन डाग निघाले. डॉक्टरांनी तिथे सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट आला ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू तीन प्लस, म्हणजे पॉझिटिव्ह.

डॉक्टर म्हणाले गोळी बंद, आता हर-टूवर काम करणारं ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन आणि सोबत केमो. ओपीडीत एवढी गर्दी की दुसरं काही विचारताच आलं नाही.

घरी आल्यापासून नुसता गोंधळ चाललाय. आप्पा म्हणतात लॅबवाल्यांनी दुसऱ्याच बाईचा तुकडा तपासला, एवढ्या महागाची इंजेक्शनं अशीच सुरू करायची नाहीत. काका म्हणतात पहिलाच रिपोर्ट चुकला होता आणि इतकी वर्षं उगाच ती गोळी खाल्ली. आणि आई काल रात्री मला हळूच विचारते, "मना आंगमा दोन रोग शेतस का वं?" मला उत्तर देता आलं नाही.

तर एकाच बाईचा एकच कॅन्सर असताना रिपोर्ट असे बदलतात का? परत बायोप्सी करायला सांगू का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा, झोप लागत नाहीये.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजीत काम करतो, रोज हेच स्लाइड बघतो. आधी आईंना सांगा की रोग दोन नाहीत. आणि दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात.

गाठ सुरू होते एका पेशीपासून, पण ती वाढताना पेशींमध्ये बदल होत जातात आणि काही वर्षांनी एकाच गाठीत वेगवेगळ्या स्वभावाच्या टोळ्या तयार होतात. पीटर नॉवेल या कॅन्सर संशोधकांनी हे १९७६ मध्येच मांडलं होतं. २०१२ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या टीमने किडनीच्या एकाच ट्यूमरचे बरेच तुकडे वेगवेगळे तपासले, तर जवळपास दोन तृतीयांश म्युटेशन (जनुकांतले बदल) सगळ्या तुकड्यांत सापडलीच नाहीत, काही इथे तर काही तिथे. आता विचार करा, बायोप्सीची सुई येऊन येऊन किती जागेतून तुकडा काढणार.

आईंच्या बाबतीत, ईआर असलेल्या पेशींना लेट्रोझोलने दाबून ठेवलं. ईआर नसलेल्या थोड्या पेशी तेव्हाच कुठेतरी असतील तर त्यांना गोळीचा काही फरक पडत नाही, त्या टिकल्या आणि त्याच लिव्हरमध्ये वाढल्या, असं होऊ शकतं. स्तनाचा कॅन्सर दुसरीकडे पसरला की ईआर साधारण पाचात एकीचा बदलतो. हर-टू त्याहून कमी वेळा बदलतो, पण बदलतो. म्हणूनच पसरलेल्या जागेचा तुकडा परत तपासतात, तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. आणि ती गोळी वाया गेली असं काकांना म्हणू देऊ नका.

तरी आप्पांची शंका मी उडवून लावणार नाही. तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावणात) गेला नाही तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून परत सुई टोचण्याआधी एक करा, २०२१ चा आणि आताचा असे दोन्ही पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, पेशंटला मिळतात, आणि एकाच मोठ्या लॅबमध्ये शेजारी ठेवून रिव्ह्यू करून घ्या. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या ब्लॉकचा रिव्ह्यू होतो. जुन्या रिपोर्टमध्ये हर-टू शून्य होता, एक प्लस की दोन प्लस तेही बघा, शून्य आणि एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, दोन प्लस म्हणजे नक्की सांगता येत नाही, तसं असेल तर फिश टेस्ट (हर-टूचं जनुक मोजणारी) झाली होती का ते विचारा. आताच्या तीन प्लसला फिश लागत नाही. रिव्ह्यूमुळे ट्रीटमेंट थांबवायची का हे मात्र डॉक्टरांनाच विचारा, लिव्हरमध्ये आहे, जास्त दिवस घालवू नका.

प्रतिसाद २

मी चोपड्याचा. माझ्या काकूला फुफ्फुसाचा होता, कधी तंबाखूला हात लावला नव्हता, ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल निघाला. त्यावरच्या जेफिटिनिब गोळीने वर्षभर इतकी छान राहिली की आम्ही विसरलोच होतो, मग परत वाढला. तेव्हा रक्ताची टेस्ट केली, त्यात टी७९०एम म्हणून नवीन म्युटेशन निघालं आणि गोळी बदलून ओसिमेर्टिनिब दिली. डॉक्टरांनी आम्हाला बोंडअळीवरूनच समजावलं, बीटी कपाशीत आधी अळी मरायची, जी पचवू शकली ती उरली आणि २०१७ ला काय झालं आपण बघितलंच. तेव्हा औषध बदलायला सांगतात ते उगाच नाही भो. आणि ट्रॅस्टुझुमॅबच्या आधी हार्टचा इको करतात, मधूनमधून परत करतात, तो चुकवू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. प्रतिसाद आप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, आपण मातीपरीक्षणाला एकाच जागची माती देतो का? दहा ठिकाणी खड्डे करून, बांधाजवळची सोडून, एकत्र कालवून मग किलोभर देतो. नाल्याकडची काळी आणि वरच्या अंगाची मुरमाड, वावर तर एकच. आईला हे लगेच समजलं, मला इतके दिवस सांगता येत नव्हतं ते.

जुन्या रिपोर्टमध्ये हर-टू एक प्लस आहे, आत्ता बघितलं. दोन्ही ब्लॉकसाठी अर्ज दिलाय, डॉक्टर म्हणाले रिव्ह्यू चालू राहू द्या, इंजेक्शन थांबवायची गरज नाही. गुरुवारी इको आहे. एकच अजून विचारायचंय, लिव्हरच्या तीन डागांपैकी एकाचाच तुकडा घेतलाय, मग बाकीचे दोन वेगळे असतील तर ते कसं कळणार? पुढच्या स्कॅनमध्ये एक कमी झाला आणि दुसरा वाढला असं कोणाला झालंय का?

प्रतिसाद १

होतं असं. त्याला मिक्स्ड रिस्पॉन्स म्हणतात, आणि वाढणाऱ्या डागाचाच तुकडा परत घेतात. म्हणून आताच्या पेट स्कॅनची सीडी जपून ठेवा, नुसता कागद नको, पुढच्या वेळी डागाला डाग जुळवून बघावा लागतो.