मदत हवी आहे: निवृत्तीच्या वर्षाचा आयकर कसा तपासायचा? पोर्टल तीन लाख मागतंय

सुमन_संध्याकाळ (११ जुलै २०२५, रात्री ९:४०)
कोणीतरी नीट समजावून सांगा. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. कार्यालयाने कर कापला नाही, पेन्शनमधूनही कापला नाही. दोन्हीकडे विचारलं तेव्हा "तुमचा कर शून्य येतो" असंच सांगितलं. आता मुलगा रिटर्न भरायला बसला तर पोर्टल तीन लाखांच्या वर कर दाखवतंय! तीन वेळा आकडे घालून बघितले, तेच येतं. मुलगा म्हणतो एफडी मोडू आणि भरून मोकळे होऊ. ३१ जुलै तोंडावर आलीये, मला रात्री झोप नाही. हा कर बरोबर आहे का ते कसं तपासायचं?

हिशेबी (९:५८)
ताई, आधी एफडी मोडू नका. आणि मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे, त्यामुळे घाई नाही. हे सांगा: निवृत्तीची तारीख? राज्य सरकार, केंद्र, जिल्हा परिषद की खासगी? नवीन करप्रणाली की जुनी? पगाराचा आणि पेन्शनचा आकडा कुठून घेतला?

कोकणी_बाणा (१०:०५)
नवीन प्रणालीत अडकला असाल. जुनी घ्या, भनिनिचे (भविष्य निर्वाह निधीचे) दीड लाख ८०सी या बचतीच्या वजावटीच्या कलमाखाली वजा होतात. मी दरवर्षी जुनीच घेतो आणि कधी पस्तावलो नाही.

अप्पा_६७ (१०:२१)
ज्येष्ठ नागरिकांना तीन लाखांपर्यंत कर नाही. शिवाय व्याजाचे ५० हजार ८०टीटीबीमध्ये सुटतात. बँकेत १५एच (व्याजावर कर कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) दिला होता का? माझा सल्ला म्हणजे सगळी रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. ३० लाखांपर्यंत घेतात आणि ८.२ टक्के व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. मी तेच केलं.

सुमन_संध्याकाळ (१०:३०)
हो हो, पण प्रश्न गुंतवणुकीचा नाही, कराचा आहे. राज्य शासन, गट क. ऑक्टोबर २०२४ अखेर निवृत्त. नवीन प्रणाली. कार्यालयाच्या फॉर्म १६ मध्ये (पगार आणि करकपातीचा दाखला) ६,४४,००० आहेत. पेन्शनचा फॉर्म १६ मिळालेलाच नाही, म्हणून मुलाने पासबुक बघून बेरीज केली. एफडीवर व्याज ४६,५००, त्यावर बँकेने ४,६५० कापलेत. २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या माझ्या करकपातीच्या नोंदीत) फक्त तेवढेच ४,६५० दिसतात.

हिशेबी (१०:४४)
पासबुक बघून! तिथेच घोळ असणार. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत जमा झालेल्या रकमा ओळीने लिहा.

आकडेमोड (१०:५०)
अप्पा, एक दुरुस्ती. गट क मधून वयोमानानुसार निवृत्त झाल्या म्हणजे ताई ५८ वर्षांच्या. आयकरासाठी ज्येष्ठ नागरिक ६० पूर्ण झाल्यावर होतो, पेन्शन सुरू झाली म्हणून नाही. जुन्या प्रणालीतली ज्येष्ठांची तीन लाखांची मर्यादा, ८०टीटीबी, १५एच यांतलं काहीच त्यांना लागू नाही. बचत योजनाही ६० च्या आत निवृत्त झालेल्याला लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांतच उघडता येते. ती वेळ टळून गेली असेल.

अप्पा_६७ (११:०२)
मी ६० ला निवृत्त झालो होतो, त्यामुळे तसं लिहिलं. पण योजनेबद्दल माझं मत तेच.

शेतावरचा (१२ जुलै, सकाळी ७:१५)
यातच विचारतो. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच बँकेत. त्यांनी रिटर्न भरायचा की नाही?

आकडेमोड (७:४०)
७५ वर्षांवरच्यांसाठी कलम १९४पी आहे. उत्पन्न फक्त पेन्शनचं आणि त्याच बँकेतल्या व्याजाचं असेल आणि वडिलांनी बँकेला तसं घोषणापत्र दिलं, तर बँकच पूर्ण हिशेब करून कर कापते आणि रिटर्न लागत नाही. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहून जाईल.

सुमन_संध्याकाळ (८:१०)
हे घ्या. पहिली जमा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, १२,३९,३२४. त्यानंतर दर महिन्याला ३३,९००. ग्रॅच्युइटी वेगळ्या दिवशी आली होती, ती मुलाने धरली नाही, एवढं त्याला कळतं. आता हे सगळं लिहून काय होणार ते सांगा.

हिशेबी (८:२२)
झालं, सापडलं! ताई, पहिल्या महिन्याची पेन्शन १२ लाख कशी असेल? त्यात तुमच्या अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळालेली, रक्कम आहे. महालेखापालांकडून आलेल्या कागदांत पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि जीपीओबरोबर (ग्रॅच्युइटीचा आदेश) एक सीपीओ (अंशराशीकरणाचा आदेश) असेल, तो काढून बघा. मूळ पेन्शन किती आणि किती टक्के विकली?

सुमन_संध्याकाळ (८:५५)
फाईल काढली. मूळ पेन्शन ३०,०००. चाळीस टक्के म्हणजे १२,००० विकलेली. सीपीओवर १२,०५,४२४ असा आकडा आहे. वय ५९ आणि ८.३७१ असंही काहीतरी लिहिलंय.

हिशेबी (९:०५)
१२,००० गुणिले १२ महिने गुणिले ८.३७१, बरोबर १२,०५,४२४. ८.३७१ हा पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा गुणांक. पहिल्या जमेतून हे वजा करा, उरतात ३३,९००. म्हणजे तुमची नेहमीची पेन्शन. शासकीय कर्मचाऱ्याची अंशराशीकरणाची रक्कम कलम १०(१०ए) खाली संपूर्ण करमुक्त आहे, नवीन प्रणालीतसुद्धा. तुमच्या मुलाने ती पेन्शन म्हणून धरली, म्हणून तीन लाखांचा बागुलबुवा उभा राहिला.

सुमन_संध्याकाळ (९:१२)
देवा! म्हणजे काहीच भरायचं नाही ना?

आकडेमोड (९:४०)
थोडं भरायचं आहे, ताई. कागदावर मांडतो.

पगार ६,४४,००० + पेन्शन पाच महिने १,६९,५०० + व्याज ४६,५०० = ८,६०,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, उरले ७,८५,०००. सात लाखांपर्यंतचा कर २०,०००, वरच्या ८५,००० वर १० टक्के म्हणजे ८,५००. उपकर ४ टक्के धरून २९,६४०. बँकेने कापलेले ४,६५० वजा केले की राहतात २४,९९०.

आता दोन्ही ठिकाणी "शून्य" कसा आला ते बघा. कार्यालयाने फक्त स्वतः दिलेला पगार धरला, ७५,००० वजा केले, ५,६९,००० उरले. सात लाखांच्या आत म्हणून ८७ए ची सवलत, कर शून्य. पेन्शन देणाऱ्या कोषागाराने फक्त १,६९,५०० बघितले, ते तीन लाखांच्या आतच आहेत, कर शून्य. एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. करमुक्त मर्यादा, प्रमाणित वजावट, सवलत हे सगळं वर्षाला माणशी एकदाच मिळतं आणि इथे दोघांनी ते आपापल्या परीने दिलं. निवृत्तीच्या वर्षात कर हमखास कमी कापला जातो तो याच कारणाने.

कोकणी_बाणा (१०:०३)
म्हणून म्हणत होतो जुनी घ्या.

आकडेमोड (१०:१५)
करून बघितलं. ८,६०,००० मधून प्रमाणित वजावटीचे ५०,००० आणि ८०सीचे पूर्ण दीड लाख वजा केले तर ६,६०,०००. कर ४४,५००, उपकरासह ४६,२८०. व्यवसाय कर वजा केला तरी फार फरक नाही. ताईंना नवीनच स्वस्त पडते.

कोकणी_बाणा (१०:२०)
गृहकर्ज असतं तर चित्र वेगळं असतं.

सुमन_संध्याकाळ (१०:३१)
गृहकर्ज नाही. पण कापायचं काम त्यांचं होतं ना? त्यांनी कापला नाही तर मी का भरायचा? पस्तीस वर्षं नोकरी केली, दरवर्षी कर कापून गेला, आणि शेवटच्या वर्षी हे.

ट्रेझरीतली (११:२०)
ताई, तुमचा राग समजतो. मी वीस वर्षं निवृत्तिवेतन शाखेत काम करते आणि हे दर वर्षी बघते. कर कापला नाही तरी तो ज्याचं उत्पन्न त्याच्याच डोक्यावर असतो. कोषागाराला तुमचा आधीचा पगार आपोआप कळत नाही, तुम्हीच लेखी द्यावा लागतो. निवृत्त होतानाच कार्यालयाकडून त्या वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला घेऊन पहिल्या भेटीत कोषागारात दिला की उरलेल्या महिन्यांच्या पेन्शनमधून कर कापता येतो. हे कोणी सांगत नाही याचं मलाही वाईट वाटतं.

पासबुकावर कधीच विसंबू नका. तिथे एकच ओळ असते. निवृत्तिवेतनवाहिनी या शासनाच्या संकेतस्थळावर महिन्याचा तपशील फोडून मिळतो: मूळ पेन्शन, अंशराशीकरणाची वजावट, महागाई वाढ, सगळं वेगवेगळं. आणि रजा रोखीकरण मिळालं असेल तर तेही शासकीय कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त आहे. तुमच्या फॉर्म १६ मधले ६,४४,००० त्याच्याशिवायचे आहेत ना, तेवढं बघून घ्या.

सुमन_संध्याकाळ (११:४५)
बघितलं. सात पगारांचेच आहेत, दरमहा ९२,०००. रजा रोखीकरण खाली वेगळं करमुक्त दाखवलंय.

हिशेबी (१२:०५)
मग उत्तम. २४,९९० वर व्याजही लागेल. ६० च्या आत असल्याने आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा) तुम्हाला लागू होता आणि बाकी दहा हजारांच्या वर आहे, म्हणून २३४बी आणि २३४सी या कलमांखालचं व्याज. जुलैत भरलंत तर सगळं मिळून साधारण सव्वासत्तावीस हजार. पोर्टल नेमका आकडा काढून देईल. चलन करताना आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं) २०२५-२६ निवडा, २०२४-२५ नाही, आणि प्रकार "सेल्फ असेसमेंट टॅक्स". या दोन जागी चूक झाली की पैसे भरूनही रिटर्नमध्ये जमा दिसत नाहीत. ऑगस्ट उजाडू देऊ नका, महिन्याला एक टक्का वाढतं.

अप्पा_६७ (१२:३०)
पुढच्या दोन वर्षांत ६० पूर्ण झाली की ती योजना नक्की बघा.

सुमन_संध्याकाळ (१४ जुलै, संध्याकाळी ६:५०)
आज भरला. निवृत्तिवेतनवाहिनीवरून पाचही महिन्यांचे आकडे घेतले, ३३,९०० च आहेत. अंशराशीकरण, ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण मुलाने करमुक्तमध्ये टाकलं. पोर्टलने २७,२४० मागितले. चलन भरून त्याचा क्रमांक रिटर्नमध्ये घातला, आधारच्या ओटीपीने पडताळणीही झाली. एफडी जागेवर आहे. हिशेबी, आकडेमोड, ट्रेझरीतली ताई, तुमचे उपकार आहेत. माझ्याबरोबरच्या दोघीजणी या डिसेंबरात निवृत्त होतायत, त्यांना पगाराचा दाखला आत्ताच मागून ठेवायला सांगितलंय.