मदत हवी आहे: नागपूरहून म्युनिकला कुत्रा आणि मांजर न्यायचंय, चिप आणि लशीच्या तारखा उलट्या झाल्यात

मनीषनगरचा_भाडेकरू (२ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी,

बायको जूनपासून म्युनिकला नोकरीवर रुजू झाली आहे. माझं १४ नोव्हेंबरचं तिकीट काढून झालंय. घरात आणखी दोन जीव आहेत. भुऱ्या, गावठी कुत्रा, वय चार, वजन १९ किलो, फुटाळ्याजवळ भर पावसात सापडलेला. आणि सखू, मांजर, वय अंदाजे तीन, वजन चार किलो. ती सापडली वगैरे नाही, एक दिवस आली आणि राहिली. दोघांना सोडून जायचा प्रश्नच नाही, त्यामुळे "इथंच ठेवून द्या ना कोणाकडे" हा सल्ला कृपया देऊ नका. तो घरून रोज मिळतोय.

आता अडचण सांगतो. दोघांना रेबीजची लस ११ मार्चला दिली आहे. पुस्तकात स्टिकर, सही, शिक्का सगळं आहे. भुऱ्याचे तर मागच्या तीन वर्षांचेही स्टिकर आहेत, एकही साल चुकलेलं नाही. जर्मनीला चिप लागते हे कळल्यावर १८ जुलैला दोघांना मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) बसवली. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "झालं, आता जायच्या आधी फिटनेस सर्टिफिकेट देतो, बाकी काही लागत नाही." पण परवा मुंबईच्या एका एजंटला फोन केला तर तो म्हणाला रक्ताची तपासणी कुठाय? ती नसेल तर विमानतळावरच अडकाल. आणि मग दोघांचे मिळून साडेचार लाख सांगितले. मी फोन ठेवला आणि अर्धा तास गॅलरीत बसलो.

एजंटाशिवाय हे जमतं का? ही रक्ताची भानगड काय आहे? नागपुरात होते का? आणि १४ नोव्हेंबरला आम्ही तिघं विमानात बसू शकतो का, हे कोणीतरी स्पष्ट सांगा.

खामल्याचा_चहा

अडीच महिने हातात आहेत, आरामात होईल. आमच्या ओळखीचे एक जण कॅनडाला लॅब्राडोर घेऊन गेले, नुसतं रेबीजचं सर्टिफिकेट दाखवलं. एजंट लोक घाबरवतात, त्यांचा धंदाच आहे तो.

इसारकाठची

खामल्याचा_चहा, कॅनडाचं तुमचं बरोबर आहे, घरच्या कुत्र्यासाठी तिकडे लशीचा दाखला पुरतो. पण तो दाखला घेऊन फ्रँकफर्टला उतरलात तर काय होईल ते सांगते.

मी धरमपेठची, आता सात वर्षं म्युनिकला. माझी मनी इथं आणली तेव्हा हे सगळं पारायण केलंय. मनीषनगर, तुमच्यासाठी बातमी वाईट आहे, आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना आशा लावून बसणार नाही.

युरोपियन संघात क्रम महत्त्वाचा. आधी चिप, मग लस. चिपच्या आधी दिलेली लस ते धरतच नाहीत, कारण ती लस याच कुत्र्याला दिली याचा त्यांच्या लेखी पुरावा नाही. म्हणजे तुमचा ११ मार्चचा स्टिकर आणि भुऱ्याचे आधीचे तीनही, कागदावर शून्य. दोघांना लस पुन्हा द्यावी लागेल.

त्यानंतर रक्त. रेबीजच्या बाबतीत युरोपने काही देशांची यादी केली आहे, त्यात भारत नाही. यादीबाहेरच्या देशातून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना टायटर टेस्ट सक्तीची, म्हणजे लशीने रक्तात पुरेशा अँटीबॉडी तयार झाल्यात का हे मोजणारी तपासणी. लस दिल्यापासून किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातलं सीरम संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत जातं. अँटीबॉडीचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त आलं की पास. आणि पास झालात तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्ट आल्यापासून नाही, रक्त काढल्यापासून, तेवढाच काय तो दिलासा.

हिशोब करा. ४ सप्टेंबरला लस दिली तर रक्त ४ ऑक्टोबरच्या आधी नाही. ४ ऑक्टोबरला काढलं तर प्रवेश ४ जानेवारीपासून पुढे. १४ नोव्हेंबर विसरा. कुत्रा, मांजर दोघांनाही हाच नियम. मांजर लहान असते म्हणून सूट असेल असं मलाही वाटलं होतं.

मनीषनगरचा_भाडेकरू

तीनदा वाचलं. १८ जुलैलाच चिपबरोबर कोणी "लसही पुन्हा टोचा" म्हटलं असतं तर ऑगस्टमध्ये रक्त काढून नोव्हेंबरला आम्ही मोकळे झालो असतो. डॉक्टर माणूस चांगला आहे, भुऱ्याला पार्व्होतून त्यांनीच वाचवलं, त्यामुळे रागही नीट येत नाही.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.

इतवारीचा_भाऊ

भाऊ, एवढं टेन्शन कायले घेता? चिप काय बोलते का की मले कधी बसवलं म्हणून? डॉक्टर ओळखीचे आहेत तर चिपची तारीख मार्चची टाकून घ्या. लशीच्या आधीची. मंग रक्त उद्याच काढा. झालं बाप्पा!

गोठा_ते_दवाखाना

इतवारीचा_भाऊ, तारीख मागे टाकून देणाऱ्या डॉक्टरचा परवाना जाईल, ते एक. दुसरं, हिशोबच चुकला. उद्या रक्त काढलं तरी तीन महिने धरून डिसेंबर लागतो. खोटं बोलून १४ नोव्हेंबर गाठता येत नाहीच, वाचतो जेमतेम एक महिना. आणि कागद खोटा निघाला तर जनावर परत पाठवतात किंवा तुमच्या खर्चाने क्वारंटाइनमध्ये ठेवतात. दोन्ही जमत नसेल तर मारून टाकायचीही तरतूद त्यांच्या कायद्यात आहे.

मी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलो, आता निवृत्त. तीन महिने का, हे कोणी सांगत नाही म्हणून लोकांना तो नुसता छळ वाटतो. लस टोचण्याआधीच एखाद्या कुत्र्याला रेबीजची लागण झालेली असू शकते. विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकत असतो आणि तोवर कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो. त्या काळात लस दिली तर रक्तात अँटीबॉडीही दिसू शकतात. रिपोर्ट पास, कुत्रा आजारी. बहुतेक वेळा लक्षणं तीन महिन्यांच्या आत बाहेर पडतात, म्हणून ती मुदत. आपल्या गल्लीतली परिस्थिती आपल्याला माहीत आहे. त्यांच्याकडे रेबीज जवळजवळ संपलाय, तो त्यांना परत नको आहे.

रक्ताबद्दल: काढायचं काम नागपुरात कुठलाही चांगला पशुवैद्य करेल. पण सॅम्पल म्हणून सीरम द्यायचं असतं, रक्तातून वेगळं केलेलं, थंड ठेवलेलं. नळीवर आणि फॉर्मवर चिपचा पूर्ण १५ आकडी नंबर हवा. एक आकडा चुकला तर रिपोर्ट कुठल्या तरी दुसऱ्याच कुत्र्याचा होतो. रक्त काढायच्या आधी स्कॅनरने चिप वाचायला लावा, पुस्तकातून उतरवू देऊ नका. युरोपची संदर्भ प्रयोगशाळा फ्रान्समध्ये नान्सीला आहे, संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळांची यादी संघाच्या संकेतस्थळावर मिळते. यादीत नाव नसलेल्या लॅबने कितीही सुंदर रिपोर्ट दिला तरी उपयोग नाही.

भुऱ्याला चार वर्षं नियमित लस आहे, त्याचा आकडा चांगलाच येईल. सखूला याआधी लस होती का?

मनीषनगरचा_भाडेकरू

सखूची मार्चमधली पहिलीच. चिप १५ आकडीच आहे, आत्ता पुस्तक काढून पाहिलं.

तारीख बदलायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, खोटं कशाला बोलू. इतवारीच्या भाऊंनी तो इथं लिहिला आणि मला लाज वाटली.

आता प्रश्न असा: मी ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरला जाऊ, दोघं दोन महिने महालात आईबाबांकडे राहतील, आणि जानेवारीत एजंट त्यांना पाठवेल. चालेल?

इसारकाठची

इथं पाच दिवसांचा नियम आडवा येतो. मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. आपल्याऐवजी दुसऱ्या माणसाला लेखी अधिकार देऊन त्याच्याबरोबर पाठवता येतं, पण पाच दिवसांची अट तेव्हाही सुटत नाही. ती मोडली की तो घरगुती प्रवास न राहता व्यापारी वाहतूक धरली जाते आणि तिचे कागद निराळे, जास्त कडक. साडेचार लाख कुठून आले ते मला इथं दिसायला लागलं.

स्वस्त मार्ग म्हणजे तुम्ही जानेवारीत परत या आणि स्वतः घेऊन जा. किंवा तिकीटच पुढे ढकला.

पुढच्या कागदाचंही आत्ताच लिहून ठेवते. खासगी डॉक्टरचं फिटनेस लागतंच, पण त्यावर प्रवेश मिळत नाही. युरोपियन संघाच्या नमुन्यातलं पशुआरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यावर सरकारी पशुवैद्याची सही-शिक्का. आपल्याकडे ते काम केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइनचं, सगळे एक्यूसीएस म्हणतात. नागपुरात त्यांचं केंद्र नाही, तुम्हाला मुंबई. सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोचायचं, म्हणजे महिनाभर आधी मुंबईला जाऊन काम उरकून येऊ असं करता येत नाही. जर्मनीत उतरणार असाल तर नमुना जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला घ्या.

एक चांगली गोष्ट. टायटर एकदा पास झाली की पुढच्या लशी मुदत संपायच्या आत देत राहिलात तर ती पुन्हा करावी लागत नाही. आणि कागद नीट असतील तर जर्मनीत क्वारंटाइन नाही, विमानतळावर चिप स्कॅन करतात, कागद बघतात आणि सोडतात. माझ्या मनीला त्या बाईने "हालो" म्हटलं होतं.

लीड्सला_साओजी_मिळत_नाही

ब्रिटनचं कोणी शोधत इथं आलं तर: आमच्याकडेही भारतातून येणाऱ्यांना टायटर आणि तीन महिने आहेतच, शिवाय विमानाने यायचं तर जनावर कार्गोनेच, केबिनमध्ये किंवा आपल्या सामानाबरोबर नाही. आम्ही ॲम्स्टरडॅमला उतरून हूक ऑफ हॉलंडची बोट धरली. बोटीवर कुत्र्याची केबिन आमच्यापेक्षा बरी होती.

पगवाली_काकू

मध्येच विचारते, आमचा पग आहे. मुलगा बर्लिनला बोलावतोय.

गोठा_ते_दवाखाना

काकू, कागद तेच. अडचण नाकाची. चपट्या नाकाच्या जातींना उष्णता आणि ताण सहन होत नाही, विमानाच्या पोटातल्या प्रवासात त्यांचे मृत्यू जास्त झालेत म्हणून बऱ्याच विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. आधी विमान कंपनीचा लेखी होकार मिळवा, मगच बाकी खर्च करा. आणि नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तर नकोच.

जाता जाता, जर्मनीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर आणायला बंदी आहे. गावठीला काही नाही.

मनीषनगरचा_भाडेकरू

बायकोला सांगितलं. ती पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "तूच जानेवारीत ये, त्यांना सोडून येऊ नकोस." तिकीट पुढे ढकललं, दंड भरला. एजंटच्या आकड्यापुढे तो काहीच नाही.

उद्या दोघांना लस. आता प्रवासाचं विचारतो. नागपूर ते मुंबई कसं न्यावं? इंडिगो प्राणी घेत नाही म्हणतात.

इसारकाठची

रेल्वेने फर्स्ट एसीचा अख्खा कूपे मिळाला तर कुत्रा बरोबर नेता येतो, पण कूपे मिळेलच असं नाही आणि ते शेवटपर्यंत कळत नाही. तुमच्या जागी मी गाडीच काढली असती. समृद्धी आता पुरता उघडलाय, ७०१ किलोमीटर, वाटेत थांबत थांबत. भुऱ्याला पाय मोकळे करायला उतरवा, सखूला मात्र गाडीचं दार उघडं असताना पिशवीतून काढू नका. समृद्धीवर मांजर शोधायची वेळ कोणावर येऊ नये.

विमानात सखू तुमच्याबरोबर केबिनमध्ये बसू शकते, लुफ्तान्सात पिशवीसकट ८ किलोची मर्यादा आहे. भुऱ्या खाली. केबिनमधली आणि खालची जागा दोन्ही आधी नोंदवावी लागते, जागा मोजक्याच असतात. शक्यतो थेट विमान घ्या. आखाती कंपन्यांच्या भानगडीत पडू नका, एमिरेट्सच्या केबिनमध्ये मांजर चालत नाही, काही मार्गांवर ससाणा मात्र चालतो. सखूला हे सांगू नका.

गोठा_ते_दवाखाना

क्रेट, म्हणजे विमानप्रवासाचा पिंजरा, आत्ताच आणा, जानेवारीत नको. भुऱ्या आत पूर्ण उभा राहिला पाहिजे, वळला पाहिजे, पाय पसरून झोपला पाहिजे, विमान कंपन्या हेच बघतात. दार काढून हॉलमध्ये ठेवा, जेवण आतच द्या. झोपेचं औषध अजिबात नको. वर हवेत रक्तदाब उतरला तर बघायला कोणी नसतं.

मनीषनगरचा_भाडेकरू (५ ऑक्टोबर)

कळवायचं राहिलं होतं. काल दोघांचं रक्त काढलं. बरोबर ३० दिवस मोजून, आधी चिप स्कॅन करायला लावून. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं की पुढच्या वेळी कोणी परदेशाचं नाव काढलं तर चिप आणि लस एकाच दिवशी, चिप आधी, हे त्यांनी भिंतीवर लिहून लावलंय. भुऱ्या असा ओरडला की बाहेरचे दोन कुत्रे घरी परत गेले. सखूने काहीच केलं नाही, फक्त सीरमची नळी टेबलावरून खाली ढकलायचा एक प्रयत्न केला.

क्रेट महिनाभर हॉलमध्ये आहे. भुऱ्या त्याच्या बाहेर झोपतो. आत सखू झोपते. पनीर, उकडलेली अंडी, माझा जुना टी-शर्ट, सगळं आत ठेवून झालं. तो मान आत घालून पनीर ओढतो आणि बाहेर येऊन खातो.

डॉक्टरसाहेब, यावर काही उपाय?

गोठा_ते_दवाखाना

सखूसाठी दुसरा क्रेट आणा.