अमेरिका-पाकिस्तान दोस्तीचा जमाखर्च

प्रेषक: समीर
विषय: आपल्या कराच्या पैशाचं काय झालं?

मंडळी, नमस्कार.

जून २०२५ मध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं गेलं. पहलगामच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. तिथे मारले गेलेल्यांत डोंबिवलीचे होते, पुण्याचे होते, पनवेलचे होते. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही.

२००२ ते २०१८ या काळात अमेरिकेने पाकिस्तानला साधारण ३,३०० कोटी डॉलर दिले. त्याआधीचे वेगळेच. इथे अमेरिकेत कर भरणारा म्हणून मला विचारायचंय, की बदल्यात नेमकं मिळालं काय? विनायककाका, तुम्ही या विषयावर कितीतरी वर्षं वाचताय. मला तरी हा सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार दिसतो.

समीर

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: आपल्या कराच्या पैशाचं काय झालं?

चि. समीर आणि मंडळी,

राग समजू शकतो, पण हिशोब करायचा तर जमेची बाजूही नीट मांडली पाहिजे. आणि त्या ३,३०० कोटींपैकी साडेचौदाशे कोटींच्या आसपास रक्कम मदत म्हणून दिलेलीच नव्हती. अफगाण सीमेवर सैन्य ठेवल्याबद्दल पाकिस्तानी लष्कर बिलं पाठवायचं आणि वॉशिंग्टन ती चुकती करायचं. बिलं फुगवलेली असत अशी तक्रार तेव्हाही होती, पण हा सौदा होता, दानधर्म नव्हे.

१९५४ च्या लष्करी करारापासून अमेरिकेला पाकिस्तानकडून मुख्यतः एकच गोष्ट हवी होती: त्याची जागा. पेशावरजवळ बडाबेरला सोव्हिएत संघावर कान ठेवणारा तळ मिळाला. १ मे १९६० ला सोव्हिएत संघाने पाडलेलं अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्सचं यू-२ हेरगिरी विमान पेशावरहूनच उडालं होतं. जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर इस्लामाबादेत असताना त्यांचं पोट बिघडल्याचं जाहीर झालं, आणि ते पाकिस्तानी विमानाने गुपचूप बीजिंगला पोहोचले. चीनचं दार त्या वाटेने उघडलं. शीतयुद्धाचं पारडं फिरवणारी घटना आहे ती. कुणाला आवडो न आवडो, अमेरिकेच्या दृष्टीने हा लाभ फार मोठा होता.

पुढे अफगाणिस्तान, जिथे १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या. कार्टर यांनी देऊ केलेल्या ४० कोटी डॉलरना पाकिस्तानचे लष्करशहा झिया यांनी ‘शेंगदाणे’ म्हणून हिणवलं. १९८१ मध्ये रेगन यांनी सहा वर्षांसाठी ३२० कोटी मान्य केले, वर एफ-१६ विमानं. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांचा पैसा आणि शस्त्रं आयएसआय या पाकिस्तानी गुप्तचर संस्थेमार्फत गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक परत गेला, आणि त्या लढाईत अमेरिकेने स्वतःचं सैन्य उतरवलं नव्हतं.

११ सप्टेंबरनंतरही हात रिकामे राहिले नाहीत. अल-कायदाच्या लोकांपैकी अबू झुबैदा फैसलाबादला सापडला, रमझी बिन अल-शिब्ह कराचीत आणि खालिद शेख मोहम्मद रावळपिंडीत. पाकिस्तानी यंत्रणांच्या मदतीशिवाय हे झालं नसतं.

खर्चाची बाजू मला दिसत नाही असं नाही. त्यात सगळ्यात जड आहे अणुबॉम्ब. पाकिस्तानकडे तो नाही असं प्रमाणपत्र राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी काँग्रेसला द्यायचं, असा प्रेसलर दुरुस्तीचा नियम १९८५ पासून होता. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या तोवर रेगन सही करत राहिले, १९८९ मध्ये बुश यांनीही केली. फौजा गेल्या आणि १९९० मध्ये सही थांबली. गरज सरो, वैद्य मरो. पाकिस्तानने पैसे भरलेली २८ एफ-१६ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली आणि हिशेब मिटायला १९९८ उजाडलं. त्या डोळेझाकीचं फळ पुढे लिबिया, इराण आणि उत्तर कोरियापर्यंत पोहोचलं. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी या देशांना अणुतंत्रज्ञान पुरवल्याची २००४ मध्ये टीव्हीवर कबुली दिली, मुशर्रफ यांनी लगेच माफी दिली, आणि खान यांची समोरासमोर चौकशी करायला अमेरिकेला कधीच मिळालं नाही.

तरीही सगळं पाण्यात गेलं असं मी म्हणणार नाही.

विनायक

---

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: उत्तर: आपल्या कराच्या पैशाचं काय झालं?

काका, नमस्कार.

तुम्ही दिलेली जमा मला मान्य आहे, फक्त ती कुणाच्या खात्यावर पडली आणि खर्च कुणाच्या, हे तुमच्या पत्रात आलं नाही. ते पाहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

किसिंजर यांची ती बीजिंगवारी झाली त्याच महिन्यांत पूर्व बंगालमध्ये कत्तल चालू होती. ढाक्यातले अमेरिकी कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिल १९७१ ला आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवली. वॉशिंग्टनने ती बाजूला सारली आणि ब्लड यांना तिथून हलवलं, कारण पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान चीनशी संपर्क जुळवणारे मध्यस्थ होते. जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. चीनचं दार उघडल्याची किंमत बंगाल्यांनी दिली, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

हाच प्रकार पाकिस्तानच्या लोकांबाबत. पैसा सर्वांत सढळ हाताने कधी आला? अयूब, झिया आणि मुशर्रफ या लष्करशहांच्या काळात. म्हणजे दोस्ती देशाशी नव्हतीच, लष्कराशी होती. २००१ नंतर त्या देशातच बॉम्बस्फोटांत आणि हल्ल्यांत हजारो माणसं मेली. तेही याच खात्यावर मांडायला हवं.

आता आपल्या घरचं बघा. आपण शिकागोत राहतो. डेव्हनवर आपण किराणा आणि मिठाई आणायला जातो, त्याच रस्त्यावर २६/११ प्रकरणातल्या तहव्वूर राणाचं इमिग्रेशनचं ऑफिस होतं. त्याच धंद्याची शाखा म्हणून डेव्हिड हेडलीने मुंबईत ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये ऑफिस थाटलं आणि त्या आडोशाने ताज, ओबेरॉय, नरिमन हाउसची टेहळणी केली. हा हेडली पूर्वी अमेरिकेच्याच अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. त्याच्या दोन बायकांनी वेगवेगळ्या वेळी अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याच्याबद्दल सावध केलं होतं. २६/११ ला १६६ माणसं गेली, त्यांत सहा अमेरिकन होते.

त्या अमेरिकनांच्या नातेवाइकांनी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात आयएसआय आणि तिच्या दोन माजी प्रमुखांवर दावा लावला. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी सरकारनेच कोर्टाला कळवलं, की आयएसआय हा परकीय सरकारचा भाग आहे, तिच्यावर इथे दावा चालत नाही, आणि माजी प्रमुखांनाही हेच संरक्षण आहे. त्याच निवेदनात लष्कर-ए-तोयबाचा निषेध होता, पण दावा तिथेच अडला. स्वतःच्या मारल्या गेलेल्या नागरिकांना स्वतःच्या कोर्टात दाद मिळू नये, ही किंमत तुमच्या जमाखर्चात कुठे लिहायची, काका? मला हे वाचून आजही संताप येतो.

मेधा

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आपल्या कराच्या पैशाचं काय झालं?

चि. मेधा,

१९७१ बद्दल तुझ्याशी वाद घालणार नाही. २०१२ च्या त्या निवेदनाचंही समर्थन करणार नाही. पण संबंध तोडून टाकले तर काय होतं, हेही आपण पाहिलंय. १९९० नंतर अमेरिकेने पाठ फिरवली. त्याच दशकात तालिबान आले, चगाईला पाकिस्तानचे अणुस्फोट झाले आणि कारगिल झालं.

कारगिलमध्ये शेवट कसा झाला, आठव. ४ जुलै १९९९ ला क्लिंटन यांनी ब्लेअर हाउसमध्ये नवाझ शरीफांना बसवून सैन्य मागे घ्यायला लावलं. ओळखच नसती तर शरीफ वॉशिंग्टनला धावले असते का? त्या दिवशी या संबंधांचा उपयोग भारतालाही झाला. म्हणून मी म्हणतो, हातात काहीतरी दोरी असावी.

विनायक

---

प्रेषक: मेधा
विषय: दोरी कुणाच्या हातात?

काका,

कारगिलचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण खरी मेख तिथेच आहे. १९९९ मध्ये अमेरिका पाकिस्तानला किती देत होती? आधी प्रेसलर, मग अणुस्फोटांनंतरचे निर्बंध. मदत जवळजवळ आटलेली होती, पाकिस्तान कर्जासाठी नाणेनिधीच्या दारात होता, आणि क्लिंटन यांचं शरीफांवाचून काही अडलेलं नव्हतं. म्हणून त्यांचा शब्द चालला.

आता पैसा सर्वांत जास्त वाहत होता ती वर्षं घ्या. २०१० आणि २०११ मध्ये अमेरिकेचे लाखभर सैनिक अफगाणिस्तानात होते आणि त्यांची बरीचशी रसद कराची बंदरात उतरून ट्रकांनी सीमेवरच्या तोरखम आणि चमनमार्गे जायची. त्याच काळात, मे २०११ मध्ये, बिन लादेन अबोटाबादला लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर सापडला. सप्टेंबरमध्ये अमेरिकी सैन्यदलांचे प्रमुख ॲडमिरल मलन यांनी सिनेटसमोर सांगितलं, की अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्यावर हल्ले करणारा हक्कानी गट हा आयएसआयचाच हात आहे. या दोन्हींनंतरही संबंध तुटले नाहीत. नोव्हेंबरमध्ये सीमेवरच्या सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि पाकिस्तानने रस्ता बंद केला. सात महिने. ट्रक कराचीत अडकून पडले. रशिया आणि मध्य आशियातून माल फिरवून न्यायला महिन्याला १० कोटी डॉलर जादा पडतात, असं संरक्षणमंत्री पॅनेटा यांनी सांगितलं. रस्ता उघडायचा तर ट्रकमागे २५० ऐवजी ५,००० डॉलर द्या, अशी मागणी आली. ती मान्य झाली नाही, पण जुलै २०१२ मध्ये परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांना ‘सॉरी’ म्हणावं लागलं आणि रोखून धरलेले शंभर कोटींहून जास्त डॉलरही सुटले.

म्हणजे पैसे देणारा मिंधा झाला. न्यूयॉर्कच्या कोर्टातलं ते निवेदन त्याच वर्षीच्या डिसेंबरचं. पत्रावर कारण कुणी लिहिलेलं नाही, पण मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

आणखी एक. पैसे न देता दबाव चालतो, याचा अलीकडचा पुरावाही आहे. साजिद मीर हा २६/११ च्या हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणारा माणूस. त्याच्यावर २०११ मध्ये आरोपपत्र दाखल झालं ते आपल्या शिकागोच्या फेडरल कोर्टात, आणि त्याला पकडून देणाऱ्याला ५० लाख डॉलरपर्यंतचं इनाम आहे. पाकिस्तान कित्येक वर्षं तो मेल्याचंच सूचित करत होता. आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाने २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत, म्हणजे दहशतवादाचा पैसा रोखण्यात कमी पडणाऱ्या देशांच्या यादीत टाकलं, बँका आणि कर्जं अवघड झाली, आणि २०२२ मध्ये लाहोरच्या कोर्टात हाच ‘मेलेला’ माणूस दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा घेऊन उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान यादीतून बाहेर आला.

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सैन्य अफगाणिस्तानातून निघालं, त्यानंतर अमेरिकेला तो रस्ता लागत नाही. २००१ पासून पहिल्यांदाच ती इतकी मोकळी आहे. मग त्या जेवणाच्या टेबलावर मुनीर यांच्यापुढे साजिद मीरचं नाव ठेवलं गेलं का, हा माझा प्रश्न आहे. दोस्ती ठेवू नका असं मी म्हणत नाही. आता काही अडलेलं नसताना आधी मागा आणि मग द्या, एवढंच.

समीर, तू विचारलंस काय मिळालं. आपण मतदार आहोत, तर काय मागायचं तेही ठरवू या. मी आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्यांसाठी एक पानाचं पत्र लिहिते. मागणी एकच: पुढचा कुठलाही लष्करी किंवा खनिजांचा करार होण्याआधी साजिद मीरला शिकागोच्या कोर्टापुढे हजर करा. मंडळाचं लेटरहेड नको, ज्याने त्याने आपापल्या नावाने पाठवायचं. काका, १९५४ पासूनचा एक परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का? तुमच्याइतकं नेमकं मला जमणार नाही. ज्यांना मसुदा हवा त्यांनी मला गुरुवारपर्यंत कळवा.

मेधा

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: दोरी कुणाच्या हातात?

परिच्छेद बुधवारी रात्रीपर्यंत पाठवतो. चीनचा आणि अल-कायदाच्या अटकांचा उल्लेख त्यात राहील, तो काढू नकोस. वाचणाऱ्याला आपण एकाच बाजूने बोलतोय असं वाटलं तर पत्र पुढे सरकणार नाही. आणि त्या सहा अमेरिकनांचा उल्लेख पहिल्याच ओळीत घे.

विनायक