कुकनंतर जहाजांचा कप्तान कोण होता?

शिडाची_दोरी:
कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवर वाचत होते. १४ फेब्रुवारी १७७९ ला हवाईत, केआलाकेकुआच्या उपसागरात कुक मारला गेला आणि पुढचं सगळं दोन पानांत आटोपलं. पण त्याची दोन जहाजं, 'रिझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी', इंग्लंडला पोचली ऑक्टोबर १७८० मध्ये! चार्ल्स क्लार्क नावाचा कुणी कप्तान झाला, तो आजारी होता, वाटेत वारला, एवढंच सापडलं. कुणाला जास्त माहिती आहे का?

बंदरकाका:
आहे तर! मी जन्मभर व्यापारी जहाजांवर होतो. कुकपेक्षा मला हाच जवळचा वाटतो.

एसेक्सचा पोरगा, मिसरूड फुटायच्या आत नौदलात. १७६१ मध्ये 'बेलोना'वर फ्रेंचांशी लढताना हा मागच्या डोलकाठीवर चढलेला, आणि तोफेने ती काठीच उडवली. काठीसकट समुद्रात गेला, तरी जिवंत निघाला. मग कप्तान बायरनबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा. परत आल्यावर दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियातली माणसं आठ-आठ फुटी असतात असं गंभीरपणे रॉयल सोसायटीला लिहून दिलं, आणि त्या विद्वानांनी ते छापलं! असा गमत्या गडी. कुकच्या तिन्ही सफरींत होता.

तिसऱ्या सफरीच्या तोंडावर मात्र भावाच्या कर्जाला जामीन राहणं नडलं. भाऊ पूर्वेकडे निघून गेला, सावकारांनी याला धरलं. लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात पडला आणि तिथे क्षय घेऊन बाहेर आला. कुक १२ जुलै १७७६ ला प्लिमथहून निघाला. हा १ ऑगस्टला 'डिस्कव्हरी' घेऊन मागोमाग, आणि केप टाउनला त्याला गाठलं.

पॅसिफिकमधल्या सोसायटी बेटांवर तो आणि 'रिझोल्यूशन'चा सर्जन अँडरसन, दोघेही क्षयी, इथेच मागे राहू म्हणत होते. पुढे उत्तरेच्या बर्फात गेलो तर वाचत नाही हे दोघांना कळत होतं. क्लार्कचे कागदपत्र आवरेनात, आज-उद्या करता करता बेटं मागे पडली. अँडरसन ऑगस्ट १७७८ मध्ये गेला.

कुक पडला तेव्हा खलाशी सूडाने पेटले होते. काहींनी घरं जाळली, माणसं मारली, ते याला थोपवता आलं नाही. पण सरसकट कत्तल त्याने होऊ दिली नाही. बोलणी करून कुकचे अवशेष मिळवले, समुद्रात सोडले. मग रशियाच्या पूर्व टोकाचं कामचात्का. तिथून रशियन अधिकारी बेम याच्यामार्फत खुश्कीच्या मार्गाने कुकच्या मृत्यूची बातमी लंडनला धाडली. आणि पुन्हा उत्तरेला, बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे, सत्तर अंशांच्या वर. समोर बर्फाची भिंत, वाट नाही. माघारी येताना २२ ऑगस्ट १७७९ ला गेला. वय ३८. कामचात्कातल्या पेट्रोपाव्लोव्स्कला पुरलं.

फुप्फुसवाला:
काका, मी छातीचा डॉक्टर आहे. शौर्य कबूल, पण दुसऱ्यांदा उत्तरेला जाण्यात काय शहाणपण? आदल्या वर्षी खुद्द कुक तिथूनच बर्फामुळे परतला होता. शिवाय खोकणारा कप्तान आणि खेटून राहणारी माणसं! अर्थात क्षयाचा जंतू कॉखला सापडला १८८२ मध्ये, त्यांना कसं कळणार म्हणा.

बंदरकाका:
डॉक्टर, अ‍ॅडमिरल्टीचा, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या वरिष्ठांचा, हुकूम वायव्य मार्ग शोधायचा होता, म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिक आणि अटलांटिक जोडणारी वाट. कुक गेला म्हणून हुकूम बदलत नाही. किनाऱ्यावरून हे वेडेपण वाटणारच. मरायच्या बारा दिवस आधी क्लार्कने कुकच्या पहिल्या सफरीतल्या निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सला पत्र लिहिलं. त्यातही आपल्या हाताखालच्यांकडे लक्ष द्या ही विनंती आहेच.

शिडाची_दोरी:
दोघांनाही धन्यवाद. मग जहाजं परत कुणी आणली?

बंदरकाका:
'रिझोल्यूशन' जॉन गोरने, 'डिस्कव्हरी' जेम्स किंगने; दोघेही याच सफरीतले अधिकारी. हा किंग १७८४ मध्ये नीसला वारला, चौतिसाव्या वर्षी. क्षयानेच. आणि पहिल्या सफरीत क्लार्क लेफ्टनंट झाला तोही झॅकरी हिक्सच्या जागी. हिक्सही क्षयाचाच रोगी. स्कर्व्हीला, म्हणजे ताज्या अन्नाअभावी खलाशांना होणाऱ्या रोगाला, हरवल्याचं कौतुक कुकच्या जहाजांबद्दल सगळे लिहितात, डॉक्टर. या चौघांना एकत्र ठेवून तुम्हीच काहीतरी लिहा.