खाणीवरच्या डंपरसाठी दोन भाषा येणारा ड्रायव्हर घ्यायचाय, काय तपासू?

नवा_ठेकेदार: खाणीतल्या वाहतुकीचं काम मिळालंय. कंट्रोल रूमवाले वॉकीटॉकीवर एका भाषेत बोलतात आणि लोडिंगवरची पोरं दुसऱ्या, म्हणून दोन्ही येणारा ड्रायव्हर हवाय. एक जण आलाय, बारा वर्षं हायवेवर ट्रेलर चालवलाय, ऑफिसात दोन्ही भाषा फाडफाड बोलला. घेऊन टाकू का?

शिफ्टवाला: ऑफिसातलं बोलणं सोडा हो. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसवा, लांबून वॉकीटॉकीवर कुणाला तरी घाईत सूचना द्यायला लावा आणि ती त्याने जशीच्या तशी परत बोलून दाखवली पाहिजे, नुसतं "ओके ओके" करणारा नको. आमच्याकडे घोळ झाला होता तो एका शब्दाने. कंट्रोलने सांगितलं "पाच नंबर खाली आहे", म्हणजे रॅम्पच्या खालच्या टोकाला, आणि वरच्याने ऐकलं रिकामी आहे. आमच्यात भरलेल्या गाडीला रस्ता द्यायचा नियम, त्यामुळे हा भरलेला डंपर घेऊन बिनधास्त उतरायला लागला आणि वळणावर दोघं समोरासमोर, थोडक्यात वाचले. तेव्हापासून 'खाली' शब्दच बंद, 'रिकामी' नाहीतर 'पायथ्याला' म्हणायचं.

जुना_स्टिअरिंग: हायवेच्या बारा वर्षांवर फार जाऊ नका. मोठ्या डंपरच्या नाकासमोर उभी जीप केबिनमधून दिसत नाही, अख्खी गायब होते. भरलेली गाडी उतारावर घ्यायची तर आधीच खालचा गियर आणि रिटार्डर (उतारावर गाडीचा वेग आवरून धरणारी यंत्रणा), नुसता ब्रेक दाबत आलात तर तापून निकामी. हे त्याला विचारा, करूनही दाखवायला लावा.
आणि अजून एक, दोन भाषा येतात म्हणून त्याला फुकटचा दुभाषी करू नका. मी भोगलंय, गाडी चालवता चालवता "जरा याला सांग ना" सुरू होतं. दुभाष्याचं काम हवंच असेल तर गाडी उभी करून, आणि त्याचे वेगळे पैसे.

नवा_ठेकेदार: आज बसवून बघितलं. वॉकीटॉकीत पास, सगळं परत बोलून दाखवलं. पण शिफ्टच्या आधीचा गाडी तपासायचा कागद दिला तर खाली न उतरता सगळीकडे टिका मारून परत दिला!! कामचोर वाटतोय.

शिफ्टवाला: टिका मारल्या ते चूकच, पण वाचता येतं का विचारलंत का? बोलता येणं वेगळं.

नवा_ठेकेदार: नाही येत, दोन्हीपैकी एकही. लाजेने बोलला नाही. पोराकडून त्याच कागदाची चित्रं काढून घेतली, टायर, ब्रेक, आरसे, हॉर्न असं, आणि परत दिला. या वेळी उतरला, गाडीला फेरी मारली आणि मागच्या जोड टायरमध्ये अडकलेला नारळाएवढा दगड हातात घेऊन आला. सोमवारपासून येतोय.